सोललेल्या कॅमेऱ्याची खंडेनवमी

नवरात्र बसलं की माझं डोकं फिरायला लागतं आणि खंडेनवमीपर्यंत ते पुरतं फिरलेलं असतं. लोकांना या दिवसांत प्रसन्न वगैरे वाटतं म्हणे. वाटू दे. मला साताऱ्याच्या रस्त्यांवरचे झेंडूचे ढीग दिसले की त्यांचा दसऱ्यानंतर होणारा चिखल आधी दिसतो. सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेत असतो, घसा खवखवतो, ऑक्टोबरचं ऊन मानेवर बसतं. कासला फुलं बघायला निघालेल्या गाड्या घाटात अडकून हॉर्न वाजवत बसतात, जणू हॉर्न ऐकून फुलंच खाली येणार आहेत. माहुलीला लोक नदीत ट्रॅक्टर घालतात, ट्रॅक्टरशेजारी मोटारसायकल, मोटारसायकलशेजारी म्हैस. सगळं घासूनपुसून स्वच्छ, कारण उद्या हत्यारांची पूजा.

पूजेवर माझा राग नाही. धुण्यावर आहे. आपल्याकडे वस्तूचा मान ठेवायचा म्हणजे आधी तिला पाण्यात बुडवायची, मग तिच्या अंगावर ओली हळद थापायची, वर कुंकू, वर अक्षता, वर एक झेंडू. कोयत्याला हे चालतं. पहारीला चालतं. सगळ्याच वस्तू कोयता नसतात, हे कुणाला पटवून सांगायचं?

माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथलं काच घासायचं मशीन, नंबर तपासायचं यंत्र, पाना-पक्कड, सगळ्यांना माझी बायको शोभा दरवर्षी हळदकुंकू लावते आणि मी गप्प बसतो. पण मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट आहे, त्याला त्या दिवशी कुलूप असतं. किल्ली माझ्या खिशात. त्या कपाटात झटपट फोटोचे जुने कॅमेरे आहेत. बटण दाबलं की पुढच्या फटीतून पांढऱ्या चौकटीचा फोटो बाहेर सरकतो आणि हातातल्या हातात उमटतो, ते.

"एकालाच लावते," शोभा म्हणते. "एक बोट फक्त."

"एकालाही नाही."

"लोक वजनकाट्याला लावतात."

"वजनकाट्याला कातडं नसतं."

"तुम्हाला मात्र आहे. चांगलं जाड," असं म्हणून ती करंडा घेऊन पुढं जाते. आमच्याकडे खंडेनवमीची सुरुवात अशी होते, यंदाही अशीच होणार.

दुकानात येणारा प्रत्येक शहाणा त्या कपाटासमोर उभा राहतो आणि एकच वाक्य बोलतो, "सगळे सारखेच तर आहेत." मी त्यांच्या डोळ्यांचा नंबर काढतो, तरी त्यांना दिसत नाही. एक जात घडीची. बंद केली की चपटी, डब्यासारखी, आणि वरून ओढली की तंबूसारखी उभी राहते. त्यात पहिली चकचकीत धातूच्या रंगाची, तपकिरी कातड्याची. मग पांढऱ्या प्लास्टिकची. मग काळी. मग एक आली तिच्या भिंगाच्या वर जाळीचा गोल डोळा बसवलेला, तो आवाज फेकून समोरच्या माणसाचं अंतर मोजतो. दुसरी जात पेटीची, घडी नाही की काही नाही. तिच्यात कुणाच्या पोटावर रंगीत पट्टा, कुणाचं बटण लाल, कुणाच्या डोक्यावर फ्लॅश कायमचा बसवलेला, कुणाचं झाकण खाली ओढायचं. त्याहून जुने वेगळेच, त्यांचा फोटो हातानं ओढून काढायचा आणि वरचा कागद सोलायचा. त्यांची फिल्म आता मिळत नाही, ते नुसते बसून असतात. मला ते सगळ्यांत जास्त आवडतात. कुणी त्यांना काही करायला सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी आक्का दुकानात आली ती मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्मा करायला. मेढ्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला तिचं गाव. खरं नाव यशोदा, पण सगळा गाव आक्का म्हणतो. नवरा सैन्यात सुभेदार होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा संपतही सैन्यातच. बरोबर सून होती, रेश्मा. मी आक्काच्या नाकावर चाचणीची चौकट चढवून भिंगं बदलत होतो. आता स्पष्ट दिसतं का, असं विचारलं.

"दिसतंय की," ती म्हणाली. "त्यो कपाटातला तांबूस हाय न्हवं, तसला आमच्यात बी हाय."

मी भिंग खाली ठेवलं आणि तिच्या गावाचा रस्ता विचारून घेतला.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी. तेही नवरात्राचेच दिवस होते. मेढ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत चाललेलं, बांधावर नाचणीची कणसं वळलेली, आणि हवेत ओल्या पेंढ्याचा वास. हा वास मला खरं तर आवडतो. आक्कानं कॅमेरा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरून काढून दिला. सुभेदार परदेशात शांतिसेनेत असताना तिथल्या एका गोऱ्या अधिकाऱ्यानं तो त्यांना जाताना दिलेला. मी हातात घेतला आणि बघतो तर कातड्याच्या प्रत्येक सुरकुतीत हळद. बिजागरीत कुंकू. वर्षानुवर्षांचं, थरावर थर. मला सणकून संताप आला.

मग तो उघडला आणि पाहायच्या काचेला डोळा लावला. त्यात वर्तुळ नव्हतं. हे सांगायला हवं. या जातीच्या कॅमेऱ्यात बघताना काचेच्या मधोमध एक छोटं वर्तुळ दिसतं, त्यात समोरचं चित्र दोन तुकड्यांत तुटलेलं असतं. चाक फिरवून तुकडे जुळवायचे, जुळले की फोटो स्पष्ट. पण अगदी पहिल्या कॅमेऱ्यांत ते वर्तुळच नव्हतं. नुसत्या अंदाजानं चाक फिरवायचं. लोकांचे फोटो बिघडायला लागले तेव्हा वर्तुळ आलं. म्हणजे बिनवर्तुळाचा हा चुकलेला नमुना, आणि संग्रह करणाऱ्याचा जीव नेमका चुकीवर असतो. असला नमुना मी तोवर फक्त चित्रात पाहिला होता. आणि तो मेढ्याच्या पुढं एका फळीवर हळद खात बसला होता.

मी मागितला. आक्का नाही म्हणाली. का विचारलं, तर तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं ठेवला. त्यात फोटो, पांढऱ्या चौकटीचे, कडेनं पिवळे पडलेले. आक्का विहिरीवर, आक्का कोंबड्यांना दाणे टाकताना, आक्काच्या कडेवर संपत, नव्या लुगड्यातली आक्का. सगळ्यांत ती एकटी किंवा पोरगं कडेवर घेतलेली. सुभेदार कुठंच नाही.

"ते कुठे आहेत?" मी विचारलं.

"कॅमेऱ्याच्या मागं."

"त्यांचा एकही फोटो नाही?"

"त्यो काय भित्तीवर, फौजेतला. पर तितं त्ये दुसऱ्याकडं बघत्यात. हितं माज्याकडं बघत्यात." तिनं डब्याचं झाकण लावलं. "त्यो द्यायचा न्हाई भाऊ. च्या घ्या."

मी चहा घेतला आणि पुढल्या वर्षी परत गेलो, त्याच्या पुढल्या वर्षीही गेलो. मला तो कॅमेरा स्वतःसाठी नको होता, असं मी म्हणणार नाही. हवाच होता. पण मी त्याला कोरडी जागा देणार होतो, काचेआड, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून. त्याचं कातडं टिकलं असतं. हे मी शोभाला सांगितलं तर म्हणाली, "आक्कांचं काय टिकलं असतं?" तिला काही सांगण्यात अर्थ नसतो.

आणि मग तो सांगलीचा दातवाला मध्ये आला.

हा माणूस दातांचा डॉक्टर आहे. त्यालाही याच कॅमेऱ्यांचा नाद. नाद कसला, व्यसन, आणि तेही वाईट. तो जुने कॅमेरे घेतो, त्यांचं कातडं दातांवरची कीट काढायच्या हत्यारानं खरवडून काढतो, आतले भाग बदलतो, आणि वर निळी, गुलाबी, सापाच्या कातडीसारखी अशी नवी चामडी चिकटवतो. एकदा त्यानं एका कॅमेऱ्याला खणाचं कापड लावलं होतं. खण, चोळीचा. मी सांगलीला गेलो असताना त्याच्या दवाखान्यात तो पाहिला. त्या कॅमेऱ्याच्या पोटावरचा नंबर घासला गेला होता, कुठल्या खेपेतला ते आता देवालाही कळणार नव्हतं. मी बोललो, तर हसला. तो सारखा हसतो, स्वतःचे दात बरे आहेत म्हणून असेल.

"गड्या, फोटो काढायला असतोय त्यो," म्हणाला. "पुरून ठेवायला न्हवं."

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पोराचा पहिला दात पडला की तो त्याच कॅमेऱ्यानं फोटो काढून देतो. सगळी सांगली त्याच्यावर खूश. मी नाही.

त्याला आक्काचा कॅमेरा सापडला रेश्मामुळं. तिनं खंडेनवमीच्या पूजेचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. कोयता, विळा, खुरपी, शिलाई मशीन, आणि मधोमध हळदीत बुडालेला बिनवर्तुळाचा कॅमेरा, मागं ढोलकीचं गाणं. तीन वर्षं मी ज्याच्याबद्दल शोभाखेरीज कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं, तो तिनं गावाला दाखवला. पुढल्या नवरात्रात आक्काचा मला फोन आला.

"त्यो सांगलीचा डाक्टर म्हंतोय, कॅमेरा चालू करून देतो. नवी फिलीम बी आनतोय. संपत सुट्टीवर हाय. दसऱ्याला सांजच्याला निघतोय सरहद्दीवर. त्याच्या बापाच्या कॅमेऱ्यानं त्यानं माजा एक फोटू काढला पायजे, बास. तुमी बी या खंडेनवमीला. तुमी आदी इचारलं हुतं."

मी तिला म्हणालो, त्याला हात लावू देऊ नका. ती म्हणाली, या तर खरं.

गेलो. मोटारसायकल अशी हाणली की मेढ्यापर्यंत काय दिसलं ते आठवत नाही. अंगणात पाऊल टाकलं आणि बघतो तर पितळी परातीत पाणी, पाण्याला साबणाचा फेस, आणि चटईवर कोयता, विळा, खुरपी यांच्या ओळीत धुऊन ठेवलेला कॅमेरा. नव्हे, कॅमेरा नव्हता, त्याची जागा ओली होती. कॅमेरा तांदळाच्या डब्यात होता.

"डाक्टर फोनवर म्हणालं, स्वच्छ करून ठेवा," रेश्मा सांगत होती. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणून मी घासला. मग संपत म्हणालं, आगं येडे, पाण्यानं व्हय? म्हणून तांदळात घातला. मोबाईल भिजला की घालत्यात तसा."

मी त्या पोरीला काय बोललो ते इथं लिहीत नाही. आक्का म्हणाली, "तिला बोलू नगा. दरसाल फडक्यानं पुसतो, औंदा पावनं येनार म्हणून धुतला. मान ठेवला त्याचा." मी म्हणालो, असला मान नको ठेवायला.

दातवाला आधीच येऊन बसला होता, ओसरीवर मांडी घालून, पुढ्यात पंचा, पंचावर त्याची ती बारीक बारीक हत्यारं. तांदळातून कॅमेरा काढला, फुंकर मारली, दोन दाणे उडाले.

"यात बॅटरी नव्हती, म्हणून वाचला," तो म्हणाला. या कॅमेऱ्यांची बॅटरी फिल्मच्या पाकिटातच असते. पाकीट संपलं की कॅमेरा मेल्यासारखा. सुभेदार गेल्यापासून त्यात पाकीटच नव्हतं. "पण पाणी कातड्याखाली गेलंय. स्क्रू तिथंच आहेत. कातडं काढावं लागणार, आक्का."

"कातडं काढायचं नाही," मी म्हणालो.

"मग बंद राहील."

"राहू दे बंद."

संपत शिलाई मशीनला झेंडूची माळ बांधत होता, तो थांबला. मी समजावून सांगितलं. हे पहिल्या खेपेचं कातडं आहे, पन्नास वर्षं टिकलंय, असं दुसरं इथं कुणाकडे नाही. एकदा काढलं की तो तो कॅमेरा राहत नाही. मी अगदी शांतपणे सांगितलं. म्हणजे मला तसं वाटलं, शोभा म्हणते माझा शांत आवाज चौकापर्यंत ऐकू येतो.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् फोटू?"

"मोबाईलवर काढा की. फोटोला काय."

तेव्हा ती माझ्याकडं जशी बघत होती तसं माझ्याकडं फार लोकांनी बघितलेलं नाही. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला परवडलं असतं, रागाला मी राग देऊ शकतो.

"तुमी त्याला कपाटात घालनार," ती म्हणाली. "ह्यो त्याला सोलनार. मला दोगं बी सारकंच. पर ह्यो सोलून फोटू तरी काढंल." आणि त्याच्याकडं वळून, "काढा वो डाक्टर."

आणि त्यानं काढलं. माझ्यासमोर. दातवाल्याचं हत्यार कडेखाली शिरलं आणि कातडं चर्र करत उठत गेलं, हळदीसकट, कुंकवासकट. पुढं तासन्‌तास तो ओसरीवर वाकून बसला होता, स्क्रू वाटीत, भाग पंचावर, कापसानं पुसणं, उन्हात धरणं. कुणी जेवलं नाही, पूजा अर्ध्यावर थांबून राहिली, कोयत्यावरची हळद वाळून तिचे पोपडे सुटले. ऊन मागच्या परड्यात गेलं. मी पडवीच्या खांबाला टेकून उभा होतो. निघून का नाही गेलो, कुणास ठाऊक. तो बिघडावा म्हणून मी वाट बघत होतो, हे मी लपवत नाही. बिघडला असता तर मी बरोबर ठरलो असतो.

बिघडला नाही. त्यानं नवं पाकीट सरकवलं आणि आतून घर्र असा आवाज आला, वरचा काळा कागद बाहेर पडला. आक्कानं तोंडाला पदर लावला. कॅमेरा नागडा, स्क्रूंची भोकं उघडी, वाळलेल्या सरसाचे डाग, आणि तो जिवंत झाला म्हणून सगळ्या घराला आनंद. रेश्मा रडत होती. संपतनं तो हातात घेतला, आई अंगणात उभी राहिली.

"नीट दिसतंय का नाय कळंना," संपत म्हणाला.

"अंदाजानं फिरव चाक. यात खूण नाही," दातवाला म्हणाला आणि वर माझ्याकडं बघून हसला. "दुर्मीळ हाय नव्हं."

तेवढं पुरे झालं. पंचावरचं सोललेलं कातडं मी उचलून खिशात घातलं, कुणी नको म्हणालं नाही. आणि सरळ अंगणातून फाटकाकडं निघालो. मागं खट् झालं, मागोमाग घर्र. मी वळून पाहिलं नाही. राग आलेला असताना माणसानं वळून बघू नये, असं माझं मत आहे.

त्यानंतर दर नवरात्रात आक्काचा फोन यायचा, "यंदा तरी या पूजेला." मी कामाचं सांगायचो. तिला ते खोटं आहे हे कळायचं, मला तिला कळतं हे कळायचं, आणि तरी ती पुढल्या वर्षी फोन करायची. ते कातडं माझ्या कपाटात आहे, रिकाम्या कप्प्यात, पांढऱ्या कागदावर. शहाणे लोक विचारतात हे काय. मी सांगत नाही.

यंदा फोन येणार नाही. श्रावणात आक्का गेली होती, मला कळलं ते भादवा सरत आल्यावर. शोभा म्हणाली, जाऊन या. मी म्हणालो, आता जाऊन काय करू. ती म्हणाली, "अहो, माणसं जातात भेटायला. काही करायला नाही जात." मग पितृपंधरवडा संपायच्या आत गेलो. भात तसंच पिवळं, वास तोच.

संपत ड्यूटीवर परतला होता, कॅमेरा बरोबर घेऊन. रेश्मा म्हणाली, दातवाल्यानं त्याला नंतर साधं तपकिरी कातडं लावून दिलं, आणि संपत तिकडं खंडेनवमीला रायफलीशेजारी ठेवून त्याला हळद लावतो. मी ऐकून घेतलं. समोर भिंतीवर सुभेदारांच्या शेजारी आक्काचा फोटो होता. मोठी फ्रेम, आणि मधोमध तो लहानसा, पांढऱ्या चौकटीचा. त्याला चंदनाचा हार.

"मोबाईलमदी ढीगभर हैत," रेश्मा म्हणाली. "पर त्यांनी सांगून ठेवलं हुतं, ह्योच लावायचा."

मी जवळ गेलो. सवयीनं आधी कडा पाहिल्या, रंग पाहिले. मग आक्का पाहिली. ती पुसट आली होती. तिचं तोंड हसरं आहे एवढं कळत होतं, डोळे कळत नव्हते. संपतनं चाक अंदाजानं फिरवलं होतं आणि अंदाज तिला ओलांडून थेट मागच्या फाटकापाशी गेला होता. तिथं एका माणसाची पाठ होती. चौकडीचा शर्ट, घामानं चिकटलेला, हातात हेल्मेट, मान ताठ. तेवढी पाठ मात्र इतकी स्पष्ट होती की शर्टावरचे चौकोन मोजता आले असते.

शेजारची एक म्हातारी येऊन उंबऱ्यापाशी टेकली होती. तिनं फोटोकडं बघून हात जोडले, मग डोळे बारीक केले.

"आन् ह्यो मागं कोन गं?"

रेश्मानं माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा तिला अंगणात काय बोललो होतो ते मला एकदम शब्दन्‌शब्द आठवलं. तिनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला.

"कोन न्हाई आत्ती," ती म्हणाली. "निगालं हुतं कुनीतरी."